हायड्रोजनचे इंजिन का ठोकते?

मंडळी, विहिरीवरचे डिझेल इंजिन ऐकले नाही असा माणूस आपल्या आंबेगाव-जुन्नर भागात विरळाच. ते एका ठेक्यात चालले आहे तोवर आपण निर्धास्त असतो. ठोकू लागले, की हातातले खोरे टाकून धावतो. कारण बिघाड इंजिनात असला, तरी वाळते ते पीक. आज अशा ठोक्याचाच इतिहास सांगतो. मात्र इंजिन डिझेलचे नव्हे, हायड्रोजनचे.

अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे इंजिन शिकणाऱ्या एखाद्या मुलाला वाटेल, हायड्रोजनचे इंजिन ही कालपरवाची गोष्ट. तसे नाही बरे! १८०७ साली इझाक द रिवाझ याने त्याचे पेटंट घेतले, तेव्हा पुण्यात पेशवाई होती. १८२० साली विल्यम सेसिल या धर्मोपदेशकाने केंब्रिजला अशाच इंजिनावर निबंध वाचला. डिझेलचे इंजिन यायला तेव्हा सत्तरहून अधिक वर्षे होती.

मग पहिला आलेला मागे का पडला? वायू करणे आणि साठवणे अवघड, हे एक कारण. दुसरे त्याच्या स्वभावात आहे. पेट्रोलला लागते त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याच्या ठिणगीने हायड्रोजन पेटतो. हवेत तो शेकडा ४ असो की ७५, जळतोच. पेटण्याची ही तयारी हाच त्याचा गुण, आणि हाच दोष.

प्लगचे टोक तापून लाल झाले, की ठिणगीची वाट न पाहता वायू पेटतो आणि वर येणाऱ्या दट्ट्याला उलटा धक्का बसतो. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह उघडा असेल, तर ज्वाला मागे नळीत शिरते आणि बार उडतो. कधी ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेला वायू एकदम भडकतो. तो खरा ठोका.

१९२० च्या दशकात इंग्लंडात हॅरी रिकार्डो यांना हायड्रोजनने असेच सतावले. १९३० च्या दशकात रुडॉल्फ एरेन या जर्मन अभियंत्याने तोड काढली. वायू हवेबरोबर नळीतून न देता थेट सिलिंडरात सोडायचा. आपण आधी वाफ्याचा बांध घालतो, मग पाणी सोडतो ना? तसेच: आधी व्हॉल्व्ह मिटावा, मग वायू यावा. नळीतच वायू नाही, तर बार कुठून उडणार?

पण तापलेल्या प्लगचा आणि ठोक्याचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. म्हणून आजही पीएच.डी.चे विद्यार्थी सिलिंडरातला दाब क्षणाक्षणाला मोजतात, ठिणगीची वेळ मागेपुढे करतात, हवा वाढवून पाहतात. इंजिनाचे हे शास्त्र पुण्याला परके नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात उभी राहिली, आणि १९६६ साली तिथेच वाहन-संशोधनाची ए.आर.ए.आय. ही संस्था निघाली.

हायड्रोजन जळला की पाणी होते, काजळीचा धूर नाही. तरी फार तापल्यास हवेतल्या नायट्रोजनपासून घातक वायू होतातच. आणि आज बराचसा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच काढतात. तेव्हा याला फुकटचे सोने समजू नये.

गुरुजी, वर्गात जस्तावर आम्ल टाकून निघालेल्या वायूला काडी लावली की 'फट्' होते. मुले हसतात. हसू द्या, मग सांगा, त्या 'फट्'ला शिस्त लावण्यात माणसाची दोनशे वर्षे गेली, आणि थोडे काम तुमच्यासाठी उरले आहे.