वाटीभर पेजेचा इतिहास

राष्ट्रांचा इतिहास म्हटला की लढाया आणि तह डोळ्यांपुढे उभे राहतात. मला मात्र आज एका पेजेचा इतिहास सांगावयाचा आहे.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात मक्याच्या गरम पेजेला 'अतोले' म्हणतात. वाचकांनी आपली आंबील आठवावी. तेथे १९४९ साली स्थापन झालेल्या पोषणसंस्थेने १९६९ मध्ये चार खेड्यांत एक प्रयोग मांडला. दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पीठ व दूधभुकटी घातलेली अतोले, तर उरलेल्या दोहोंत 'फ्रेस्को' नावाचे गोड सरबत; त्यात प्रथिनांचा लेशही नव्हता. औषधपाण्याची सोय मात्र चारही गावांत होती. दिवसातून दोनदा केंद्र उघडे. कोणीही यावे आणि प्यावे. हा क्रम १९७७ पर्यंत चालला.

ही मुले कर्ती झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. बाळपणी अतोले मिळालेल्या मुली एखादी इयत्ता अधिक शिकल्या होत्या; वाचलेले उमजण्याच्या परीक्षेत स्त्री-पुरुष दोघेही सरस ठरले. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तर थक्क करणारा आहे. जन्मापासून दोन वर्षे जिथे अतोले मिळत होती, तिथल्या पुरुषांची ताशी कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती! तिसऱ्या वर्षानंतर मिळालेल्या पेजेचा मात्र कमाईवर असा परिणाम दिसला नाही.

याचे इंगित उघड आहे. मेंदूची वाढ सर्वांत झपाट्याने होते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्या वेळी उपाशी राहिलेले मूल वारंवार आजारी पडते, कमी खेळते, कमी पाहते. मग शाळेत गुरुजींनी कितीही घोकून घेतले तरी पाया कच्चाच. अशी लाखो मुले म्हणजे देशाचे बुडालेले भांडवलच नव्हे काय?

आपल्याकडे १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि १९९५ साली शाळांतील मध्यान्ह भोजनाची देशव्यापी योजना. शाळेतील खिचडी मला मोलाचीच वाटते. तिने मूल वर्गात टिकते. पण ती मिळते सहाव्या वर्षी. त्याआधीची खरी वर्षे गर्भवतीच्या ताटात आणि अंगणवाडीच्या शिध्यात असतात. तो शिधा वेळेवर, पुरेसा आणि सकस पोचतो की नाही, हा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारू लागला, तर देशाच्या अंदाजपत्रकाची चर्चा योग्य ठिकाणी सुरू झाली, असे मी समजेन.