जमीनदाराच्या डोळ्याआडचे मत

१८७२ पूर्वीच्या ब्रिटनमध्ये मत द्यायचे ते चारचौघांत, मोठ्याने सांगून. मतदाराने लाकडी मंचाशी जायचे, आपले नाव आणि उमेदवाराचे नाव उच्चारायचे. कारकून ते वहीत उतरवून घेई. निवडणूक आटोपल्यावर ही वही अनेक ठिकाणी छापून विकली जाई. कोणत्या शेतकऱ्याने, कोणत्या दुकानदाराने कोणाच्या पारड्यात मत टाकले, हे विकत घेऊन वाचता येत असे. तिचा सर्वांत चिकित्सक वाचक म्हणजे उमरावाचा कारभारी. कूळ आपल्या धन्याच्या उमेदवाराला सोडून गेले की त्याचा हिशेब पुढच्या हंगामाआधी पुरा होई.

न्यूकॅसलच्या चौथ्या ड्यूकने हेच केले. १८२९ मध्ये न्यूअर्क इथल्या पोटनिवडणुकीत विरोधात मत देणाऱ्या कुळांना त्याने घरे-जमिनी खाली करायला लावल्या. ओरड झाली तेव्हा त्याने उलट विचारले की, जे माझे आहे त्याचे मी हवे ते करू नये की काय? दोनच वर्षांनी निवडणूक सुधारणा विधेयक उमरावांच्या सभागृहाने फेटाळले, तेव्हा खवळलेल्या जमावाने त्याचा नॉटिंगहॅमचा वाडा पेटवून दिला.

१८३२ चा सुधारणा कायदा झाला आणि उमरावांच्या खिशातले मतदारसंघ गेले, असे शाळेत शिकवतात. ते खरे आहे, पण अर्धेच. ओल्ड सॅरम म्हणजे वस्ती उठून गेलेली टेकडी, तरी तिथून दोन खासदार जात. असे ५६ मतदारसंघ एका फटक्यात पुसले गेले. पण त्याच कायद्यात मार्क्विस ऑफ चँडॉसने एक कलम घुसवले. वर्षाला ५० पौंड खंड भरणाऱ्या कुळाला, त्याच्याकडे लेखी करार नसला तरी, परगण्यात मत मिळाले. वरवर पाहता हा मताधिकाराचा विस्तार. प्रत्यक्षात असे कूळ धन्याच्या मर्जीवरच टिकून होते, आणि आता त्याच्या हाती मत आले होते. खिसा शिवून टाकला, पण जमीन धन्याचीच राहिली.

म्हणून गुप्त मतदानाची मागणी सुरू झाली. बँकर आणि इतिहासकार जॉर्ज ग्रोटने १८३० च्या दशकात कॉमन्समध्ये हा प्रस्ताव पुन्हा पुन्हा मांडला आणि तो पुन्हा पुन्हा पडला. चार्टिस्ट या कामगार चळवळीने १८३८ च्या सनदेत त्याला जागा दिली. विरोधकांत केवळ उमरावच नव्हते. लपून मत देणे मर्दानी इंग्रजाला शोभत नाही, असे मानणारे बरेच होते. जॉन स्टुअर्ट मिल म्हणे की मत ही समाजाने सोपवलेली ठेव आहे, तेव्हा ते उघडच द्यावे. ही पद्धत आधी रुळली ती ऑस्ट्रेलियात. १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी तिचा कायदा केला.

१८६८ च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये लिबरल पक्षाला मत देणाऱ्या कुळांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. चौकशीसाठी संसदीय समिती बसली. तिचा अध्यक्ष लॉर्ड हार्टिंग्टन हा डेव्हनशरच्या ड्यूकचा थोरला मुलगा, आणि शिफारस केली ती गुप्त मतदानाची! उमरावांच्या सभागृहाने १८७१ मध्ये विधेयक परत पाठवले. पुढच्या वर्षी, ते दर काही काळाने नव्याने मंजूर करून घ्यावे लागेल अशी मुदत घालून, ते मान्य केले. पंतप्रधान होता ग्लॅडस्टन. तो १८३२ मध्ये पहिल्यांदा निवडून आला तो न्यूअर्कहूनच, आणि तेही त्याच न्यूकॅसलच्या ड्यूकच्या पाठबळावर.

१५ ऑगस्ट १८७२ रोजी यॉर्कशरमधल्या पॉन्टेफ्रॅक्ट गावी पहिली गुप्त निवडणूक झाली. मंत्रिपद मिळाले म्हणून ह्यू चिल्डर्सला त्या काळच्या नियमानुसार पुन्हा निवडून यावे लागणार होते. हा माणूस काही वर्षे व्हिक्टोरिया वसाहतीत राहून तिथल्या विधिमंडळात बसलेला. समोर मेक्सबरोच्या अर्लचा वारस लॉर्ड पॉलिंग्टन. गावात ज्येष्ठमधाच्या गोळ्या बनत. मतपेटीवर लाख लावल्यावर तिच्यावर उमटवला तो गोळ्यांवर मारायचा, किल्ला आणि घुबड असलेला शिक्का. ती पेटी गावच्या संग्रहालयात आजही आहे. चिल्डर्सला ६५८ मते पडली, पॉलिंग्टनला ५७८.

एका पेटीने उमरावशाही बुडाली नाही. धन्याला मान देण्याची सवय खोल मुरलेली होती, आणि इंग्लंडातल्या परगण्यांत जमीनदार पुढेही निवडून येत राहिले. खरा तडाखा बसला आयर्लंडमध्ये. १८७४ मध्ये तिथून स्वराज्यवादी साठच्या आसपास निवडून आले. १८८३ च्या कायद्याने निवडणूक खर्चाला लगाम लागला, १८८४ मध्ये खेड्यातल्या मजुरालाही मत मिळाले. मग कारभाऱ्याचा धाकही पुरेना आणि धन्याचा पैसाही.

१८७२ च्या कायद्यातली एक तरतूद मात्र सहसा कोणी सांगत नाही. सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या, मगच मोजायच्या. एकट्या माणसाचे मत झाकून भागणार नव्हते, कारण कारभाऱ्याला गावाचा कल कळला तरी गावावर सूड उगवता येत होता.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात लाखो मतपेट्या तयार झाल्या, म्हणजे पेटी आपण मनापासून घेतली. मिसळण्याचे काय? मतदान यंत्र आल्यापासून मोजणी केंद्रवार होते आणि कोणत्या केंद्रावर कोणाला किती, हे निकालासोबतच कळते. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरची सूचना केली होती. ती अमलात आली नाही. त्यामुळे निकालाच्या संध्याकाळी ‘त्या गावाने आपल्याला दगा दिला’ असे म्हणणाऱ्या पुढाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. आकडा हातात असतो. मतदार एकटा असला तर झाकलेला आहे, गाव म्हणून मात्र उघडाच.