साउंड कार्ड आणि बाह्य ध्वनिपरिवर्तक (पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

मायक्रोफोन किंवा कंपनमापकाकडून आलेला विद्युत् संकेत आकड्यांत बदलून संगणकाला देणारी, तसेच संगणकातील आकडे पुन्हा संकेतात बदलून स्पीकरकडे धाडणारी साधने. हे साधन मदरबोर्डवर किंवा पेटीच्या आतल्या स्लॉटमध्ये असले तर त्यास साउंड कार्ड म्हणतात. यूएसबी, ऑप्टिकल किंवा इथरनेट केबलने बाहेरून जोडले असले तर ते बाह्य परिवर्तक, व्यवहारात ‘इंटरफेस’ किंवा ‘मॉड्यूल’. दोन्हींतली परिवर्तनाची चिप पुष्कळदा एकाच दर्जाची असते. फरक पडतो तो चिपच्या भोवतालच्या व्यवस्थेने : वीज कुठून येते, अर्थिंग कसे आहे, नमुने कोणत्या घड्याळावर घेतले जातात आणि सेन्सरला लागणारा प्रवाह कोण पुरवतो. पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात ही साधने प्रामुख्याने वाहने आणि त्यांचे सुटे भाग यांचा आवाज मोजण्यासाठी लागतात. नोंदीचा भरही त्यावरच आहे.

पार्श्वभूमी : व्यक्तिगत संगणकासाठी ॲडलिब कंपनीचे कार्ड १९८७ मध्ये व सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १९८९ मध्ये बाजारात आले. इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मानके आणल्यावर ध्वनीची सोय मदरबोर्डवरच होऊ लागली आणि वेगळ्या कार्डाची गरज सामान्य ग्राहकापुरती संपली. यूएसबी ध्वनिसाधनांचे पहिले मानक १९९८ चे, दुसरे २००६ चे. विंडोजमध्ये दुसऱ्या मानकाचा ड्रायव्हर मुळातच मिळू लागला तो २०१७ पासून. तोवर प्रत्येक उत्पादकाचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागे.

औद्योगिक संदर्भ : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. पिंपरी, आकुर्डी व भोसरीत वाहनउद्योग आणि त्याला माल पुरवणारे लघुउद्योग उभे राहिले; पुढे चाकण परिसरात बजाज ऑटो, फोक्सवॅगन, महिंद्र आदींचे कारखाने आले. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर आहे व तिचे एक केंद्र चाकणमध्ये आहे. भोसरीत केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे.

धावत्या वाहनाच्या आवाजाची चाचणी आय.एस. ३०२८ या भारतीय मानकानुसार होते. मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर दोन्ही बाजूंना मायक्रोफोन उभे करतात आणि वाहन त्यांच्या मधून वेग वाढवत नेतात. ही प्रमाणित चाचणी साध्या साउंड कार्डावर करता येत नाही. तिला पहिल्या श्रेणीचा ध्वनिमापक लागतो. प्रस्तुत निवडीचा प्रश्न उद्भवतो तो त्याच्या अलीकडे : सुट्या भागांच्या कारखान्यात, जिथे गिअरबॉक्स, पंप, वायपर मोटर किंवा ब्लोअर गाडीवर चढण्याआधी लाइनच्या शेवटी ‘आवाज करतो का’ हे तपासले जाते. पूर्वी हे काम अनुभवी कामगाराच्या कानावर चाले, काही ठिकाणी आजही चालते. संगणक आल्यावर कानाच्या जागी मायक्रोफोन बसला आणि त्याच्या मागे काय जोडायचे हे ठरवणे भाग पडले.

सेन्सरचा पुरवठा : मोजणीसाठीचे बहुतेक मायक्रोफोन आणि कंपनमापक यांच्या पोटात छोटा प्रवर्धक असतो. त्याला त्याच तारेवरून स्थिर प्रवाह द्यावा लागतो, २ ते २० मिलिॲम्पिअर, सामान्यतः ४. आणि त्यामागे १८ ते ३० व्होल्टचा पुरवठा. साउंड कार्डाच्या माइकच्या छिद्रातून काही व्होल्टच मिळतात आणि तेवढ्यावर हा प्रवर्धक जागाच होत नाही. संगीताच्या इंटरफेसवर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा असतो, पण त्याची जोडणी वेगळ्या जातीची. म्हणून सेन्सर मोजणीचा असेल तर एक तर मध्ये वेगळी पुरवठापेटी घालावी लागते किंवा मोजणीसाठीच बनवलेले मॉड्यूल घ्यावे लागते. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचे ९२३४ हे चार चॅनेलचे मॉड्यूल या प्रकारचे : २४ बिट, सेकंदाला ५१,२०० नमुने, सेन्सरचा प्रवाह आतूनच. याच कंपनीचे पीसीआय ४४६१ हे पेटीच्या आत बसणारे कार्ड सेकंदाला २,०४,८०० नमुने घेते. दोन्ही साधने एकाच कामाची. एक पिशवीतून नेता येते, दुसरे एकदा बसवले की तिथेच राहते.

नमुने आणि बिट : सैद्धांतिक नियम असा की नमुन्यांचा दर मोजायच्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक हवा. मोजणीवाले प्रत्यक्षात २.५६ पट धरतात. ५१,२०० चा आकडा तिथूनच येतो, कारण त्याने २०,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा सुरक्षित मोजता येतो. गिअरच्या आवाजाला एवढाही लागत नाही. २३ दातांचा पिनियन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर दातांच्या मिलनाची वारंवारता ११५० हर्ट्झ, तिची दुप्पट २३००, तिप्पट ३४५०. हे सर्व कुठल्याही मदरबोर्डच्या कार्डालाही टिपता येते.

बिटांबाबत मतभेद आहेत. सोळा बिटांनी सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, चोवीस बिटांनी कागदावर १४४, प्रत्यक्षात चांगल्या साधनात १२० च्या आसपास. प्रेस आणि ग्राइंडर चालू असलेल्या शेडमध्ये पार्श्वभूमीच अनेकदा ८० डेसिबलच्या घरात असते. तिथे परिवर्तकाच्या स्वतःच्या खरखरीची चिंता करण्यात अर्थ नसतो. चोवीस बिटांचा खरा उपयोग वेगळा आहे. गेन थोडा खालीच ठेवता येतो, त्यामुळे एखादा गिअरबॉक्स अचानक किंचाळला तरी संकेत क्लिप होत नाही आणि शिफ्टमधल्या कामगाराला गेनच्या बटणाला हात लावावा लागत नाही. लाइनवर हे शेवटचे कारण सर्वांत मोठे मानावे.

अर्थिंग आणि हम : या पट्ट्यातील बहुसंख्य तक्रारी याच सदरात पडतात. टेस्ट बेंचची मोटर ड्राइव्हवर चालते, बेंचची बॉडी एका अर्थिंगला, संगणकाचा प्लग दुसऱ्या बोर्डाला आणि मायक्रोफोनच्या केबलची जाळी या दोहोंना जोडणारी. जाळीतून प्रवाह वाहू लागतो आणि पडद्यावर ५०, १०० व १५० हर्ट्झवर उभ्या रेघा येतात. ओळखण्याची युक्ती सोपी : लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मोजावे. रेघा खाली बसल्या तर दोष अर्थिंगचा. न बसल्या तर मोटर बंद करून पाहावे आणि मग ड्राइव्हकडे बघावे.

मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०. या वेगाने फिरणाऱ्या शाफ्टचा असंतुलनाचा कंप नेमका ५० हर्ट्झवर पडतो, म्हणजे विजेच्या हमच्या डोक्यावरच. हम जास्त असेल तर निर्दोष शाफ्ट बाद ठरतो आणि माल उगाच परत जातो. चाचणीचा वेग २,९०० किंवा ३,१०० ठेवला की दोन रेघा वेगळ्या दिसतात. नवीन कार्ड मागवण्याआधी हे करून पाहणे स्वस्त. अर्थिंगच्या दोषावर महागडा परिवर्तक घेणे म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

या बाबतीत बाह्य साधनाची बाजू वरचढ आहे, पण जाहिरातीत म्हणतात तितकी नाही. पेटीच्या आत वीजपुरवठ्याचा स्विचिंगचा आवाज आणि ग्राफिक कार्डाची कुरकुर कार्डाच्या शेजारीच असते. बाहेरचे साधन त्यातून सुटते. तथापि यूएसबीची केबल वीज आणि जमीन दोन्ही संगणकाकडूनच आणते, म्हणून साधे यूएसबी साधन अर्थिंगच्या फेऱ्यातून आपोआप सुटत नाही. त्यासाठी विद्युत् विलग केलेले मॉड्यूल किंवा ऑप्टिकल दुवा हवा. तोशिबाची ऑप्टिकल ध्वनिकेबल १९८३ ची. तिच्यातून प्रकाश जातो, प्रवाह नाही.

घड्याळ : दोन स्वस्त यूएसबी मायक्रोफोन एकाच लॅपटॉपला लावून ‘दोन चॅनेल’ मोजण्याचा प्रकार लघुउद्योगांत आढळतो. प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्र असते. दोहोंत दशलक्षांश २० इतकाच फरक असला तरी एका मिनिटात १.२ मिलिसेकंदांची तफावत पडते, म्हणजे हवेत सुमारे ४१ सेंटिमीटर. १,००० हर्ट्झची एक संपूर्ण लहर १ मिलिसेकंदाची. आवाज कोणत्या बाजूने येतो हे अशा जोडणीतून सांगता येत नाही. एकाच कार्डाचे किंवा एकाच मॉड्यूलचे सर्व चॅनेल एका घड्याळावर चालतात. पेटीतील मोजणीची कार्डे आपापसांत केबलने बांधूनही घेता येतात. कार्डाची बाजू इथे खरोखर जड आहे.

कार्ड कुठे टिकले : लाइनच्या शेवटी पक्क्या बसवलेल्या पॅनेलमध्ये. यूएसबीचा प्लग सततच्या कंपाने सैल होतो, आणि यूएसबी २ ची केबल ५ मीटरपलीकडे नेता येत नाही. इथरनेटची १०० मीटरपर्यंत जाते. शिवाय मोठ्या कारखान्यांत पेनड्राइव्हच्या धास्तीने यूएसबीचे पोर्ट बंद ठेवलेले असतात आणि ते उघडून घ्यायला आयटी विभागाची परवानगी लागते. उलट बाजूने, आतल्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेनासा झाला की सगळा संगणकच त्या कार्डापायी जुना राहतो. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला; त्यानंतरही कित्येक बेंच नेटवर्कपासून तोडून त्याच्यावर चालू ठेवावे लागले, कारण जुन्या पीसीआय कार्डाचा स्लॉट नव्या मदरबोर्डवर नव्हता.

विद्युत् वाहने : आकुर्डी व चाकणमध्ये आता विद्युत् वाहनेही बनतात. इंजिनचा आवाज गेल्यावर मोटर, इन्व्हर्टर आणि रिडक्शन गिअरची बारीक शीळ उघडी पडते आणि ती काही हजार हर्ट्झवर असते. नमुन्यांचा दर इथे पुन्हा महत्त्वाचा ठरू लागला आहे.

संगीत व घरगुती वापर : घरच्या स्टुडिओसाठी दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस पुरेसा असतो. सुटी इलेक्ट्रॉनिक सामग्री बहुधा पुण्यातल्या बुधवार पेठेतून येते. उच्च नमुनादरामुळे गाणे अधिक चांगले ऐकू येते की नाही, याबद्दल एकमत नाही.

परिसरातील आवाज : ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार औद्योगिक क्षेत्राची मर्यादा दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल.

कॅलिब्रेशन : साउंड कार्ड किंवा इंटरफेस स्वतः डेसिबल सांगत नाही, तो केवळ आकडा देतो. मायक्रोफोनच्या तोंडावर कॅलिब्रेटर बसवून १,००० हर्ट्झचा ९४ डेसिबलचा, म्हणजे १ पास्कल दाबाचा स्वर द्यायचा आणि पडद्यावर ९४ येईपर्यंत गुणक जुळवायचा. नंतर गेन हलवला की जुळवणी गेली. विंडोजमधील आपोआप गेन बदलणारी आणि ‘सुधारणा’ करणारी खूण काढून टाकणे आवश्यक आहे. ती चालू असताना मोठा आवाज लहान आणि लहान आवाज मोठा नोंदला जातो आणि सगळे गिअरबॉक्स सारखेच पास होतात. पार्श्वभूमी मोजायच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबल खाली असावी. पिंपरी-भोसरी भागात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे खुल्या शेडमधली तुलनात्मक मोजणी त्या दिवशी करून घेणे सोयीचे.

निवड : एकाच जागी कायम चालणाऱ्या, चारांहून अधिक चॅनेल लागणाऱ्या बेंचसाठी मोजणीचे अंतर्गत कार्ड किंवा इथरनेट मॉड्यूल घ्यावे. पुरवठादाराकडे जाऊन तक्रार तपासणाऱ्या अभियंत्याला विलग केलेले, सेन्सरला प्रवाह देणारे बाह्य मॉड्यूल योग्य. मदरबोर्डवरील कार्ड चांगला-वाईट गिअरबॉक्स शेजारी ठेवून तुलना करण्यापुरते वापरावे. ग्राहकाला पाठवायच्या अहवालात त्यावरचा डेसिबलचा आकडा लिहू नये.