सांडशीचं रिबिट

महाराष्ट्रातल्या जुन्या पातेल्याला दांडा नसतो आणि कानही नसतात. त्याला असतो फक्त बाहेर वळवलेला काठ. सांडशीचा सगळा इतिहास त्या काठाला धरून आहे. काठ जाड होता तोवर सांडशी जाड होती. काठ पातळ झाला, तशी सांडशीही पातळ झाली. वर्षभरात ढिली होणाऱ्या सांडशीबद्दल बायका कारखान्याला बोल लावतात तेव्हा मला वाटतं, आधी ओट्यावरच्या पातेल्याकडे बघायला हवं.

माझं माहेर वाई तालुक्यातलं, लोहाराचं. आजोबा आणि त्यांच्यामागे वडील, म्हणजे अण्णा, गावकीचं लोहारकाम करत. सासर पुण्यात कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांच्या वंशजांची ही आळी. लग्न होऊन आले तेव्हा सकाळी जाग यायची ती मठारकामाच्या आवाजानेच. पत्रा ठोकून ठोकून भांडं घट्ट करायचं, चकाकी आणायची, ते मठारकाम. धरणारं हत्यार मी माहेरी पाहिलं आणि धरलं जाणारं भांडं सासरी.

पातेल्याला कान का नसत, हे मला तांबट आळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने समजावलं. कान लावायचे म्हणजे भांड्याला भोकं पाडून रिबिटं मारायची. त्या सांध्यात अन्न अडकतं आणि कल्हई नीट बसत नाही. आणि कल्हई नीट नसली तर तांब्यापितळेच्या भांड्यातली आमटी, ताक, चिंचेचं सार सगळं कळकतं. शिवाय कानाची भांडी एकात एक बसत नाहीत. मांडणीवर मोठ्यात मधलं, मधल्यात लहान अशी पातेली ठेवायची तर कड गोल आणि मोकळी हवी. चुलीवर तर दांडा नकोच, तो जाळाबाहेर डोकावतो आणि तापतो. म्हणून दांडा भांड्यापासून वेगळा ठेवला आणि तो सगळ्या भांड्यांना मिळून एक. मुंबईतला टोप असो, पुण्याचं पातेलं असो की विदर्भातला गंज, घरात भांडी दहा असतील, सांडशी मात्र एखाददुसरीच. ही मला फार शहाणपणाची व्यवस्था वाटते.

मात्र त्यामुळे सगळं वजन त्या एका हत्याराच्या जबड्यावर येतं. दोन लिटर पाणी असलेलं पातेलं एका बाजूने काठाला धरून उचललं की दोन किलो पाणी आणि वर भांड्याचं वजन, हे सगळं पुढच्या बाजूला खाली ओढत असतं. नुसतं दाबून धरणं तिथे पुरत नाही. सांडशीची एक पाकळी आतून पातेल्याच्या भिंतीला टेकते आणि दुसरी बाहेरून काठाखाली शिरते. आतल्या पाकळीची लांबी आणि बाहेरच्या पाकळीचा बाक, या दोन गोष्टी जमल्या तर भांडं मनगटात स्थिर राहतं. नाहीतर ते कलतं, आणि कललेल्या पातेल्यातली उकळती डाळ पायावर येते. आमच्या गावात असं भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. सांडशी चांगली असावी असं मी म्हणते ते त्यासाठी.

अण्णा सांडशी करायचे ती बहुधा बैलगाडीच्या जुन्या धावेच्या लोखंडातून. झिजून पातळ झालेली धाव चाकावरून उतरवली की ती भट्टीजवळ कोपऱ्यात उभी असायची. छिन्नीने तिच्या पट्ट्या पाडायच्या. पट्टी कोळशात लाल करून ऐरणीवर लांबवायची. हाताकडची बाजू निमुळती, तोंडाकडची रुंद आणि चपटी, मध्ये जिथे रिबिट येणार तिथे जाडी राखलेली. तिथली जाडी कमी झाली की अण्णा ती पट्टी सरळ बाजूला टाकत, दुसरी घेत. मग सुंब्याने गरम पट्टीतच भोक पाडायचं. असं केल्याने लोखंड कापलं जात नाही, बाजूला सरतं, आणि भोकाभोवती ताकद शिल्लक राहते. बरम्याने पाडलेल्या भोकात तेवढं लोखंड कमी होतं.

रिबिट मारण्याचा प्रसंग मात्र घाईचा. रिबिट लाल असतानाच दोन्ही पट्ट्यांतून घालून दोन्हीकडून ठोकायचं आणि लगेच सांडशी उघडझाप करत राहायचं, निवेपर्यंत. हे काम माझ्याकडे असायचं. थांबलं की सांधा आखडतो. हलवत राहिलं की रिबिट आपल्या भोकात आपली जागा करून घेतं. सांडशीला पाणी द्यायचं नाही, हेही अण्णांनी तेव्हाच सांगितलं होतं. कोयत्याला, विळ्याला पाणी देऊन धार कडक करतात. सांडशी तशी कडक केली तर जोर पडल्यावर वाकायच्या ऐवजी मोडेल. वाकलेली पुन्हा सरळ होते, मोडलेली होत नाही.

सांडशी करायलाही सांडशीच लागते, ही गोष्ट मला लहानपणी फार नवलाची वाटायची. लाल पट्टी धरायची कशाने? लोहाराच्या लांब सांडशीने. मग ती पहिली कशी झाली? पुढे वाचताना कळलं की ज्यू लोकांच्या पिर्के आवोत या जुन्या ग्रंथातही हाच प्रश्न येतो आणि तिथे काहींच्या मते पहिली सांडशी साक्षात देवाने सृष्टी घडवण्याच्या अखेरच्या संध्याकाळी केली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत वैद्याची १०१ यंत्रं मोजली आहेत. त्यांत संदंश, म्हणजे पकडीचे चिमटे, दोन, प्रत्येकी सोळा अंगुळं, म्हणजे साधारण फूटभर लांब. एकाला अडकण, एक बिनअडकणीचा. कातडीत, मांसात, शिरांत रुतलेलं शल्य काढायला ते वापरायचे. वैद्याच्या हातातली आणि चुलीजवळची, दोघी एकाच घराण्यातल्या आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त गावच्या कारूनारूंचा, म्हणजे बलुतेदार-अलुतेदारांचा, तपशील आहे, त्यात लोहार आहेच. आमच्या घरी बलुत्याचा जो हिशेब चालायचा तो शेतीच्या कामाचा. कुळवाची फास शेवटणं, नांगराचा फाळ, खुरपी, विळे यांच्या बदल्यात सुगीत धान्य यायचं. सांडशी, उलथणं, फुंकणी ही बायकांची मागणी वेगळी धरली जायची. नवी सांडशी हवी असली की बाई स्वतः यायची, बरोबर घरचं पातेलं घेऊन. अण्णा त्या काठावर जबडा बसवून बघत, एखादा घाव जास्त देत, पुन्हा बसवत. मोबदला म्हणून पायलीभर ज्वारी किंवा दोन-चार रुपये. पुढे रिबिट ढिलं झालं तर ते ठोकून देण्याचं काही घेत नसत. त्या सांडश्या टिकल्या, त्याला लोखंडाइतकंच हेही कारण होतं की ठोकून देणारा माणूस गावातच होता.

जिथे वतनदार लोहार नव्हता किंवा कामाला पुरा पडत नव्हता, तिथे घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, यायचे. सुगीनंतर गावाबाहेर पालं पडायची, जमिनीत खड्डा करून भट्टी, शेजारी भाता. पुरुष लोखंड धरून लहान हातोड्याने जागा दाखवायचा आणि बाई घण मारायची. पोटाशी पोर बांधून घण मारणारी बाई मी पाहिली आहे. आपल्या स्वयंपाकघरांतल्या किती हत्यारांवर अशा बायकांचे घाव असतील! इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना ओळसुद्धा मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

अडकित्त्याच्या नशिबात अशी उपेक्षा नव्हती. अडकित्ताही दोन हात आणि एक रिबिट, इतकाच. पण तो बैठकीतला. त्याला मोर, घोडे, नक्षी मिळाली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा संग्रह मन लावून बघण्यासारखा आहे. नक्षीची सांडशी मात्र मी आजवर कुठे पाहिली नाही.

भांडं बदललं ते हळूहळू. मद्रासच्या कला शाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये ॲल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली. खेड्यात या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणत. हलकी, स्वस्त आणि कल्हईचा खर्च नाही. कल्हईचं कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे रिकामं पातेलं चुलीवर राहिलं की कल्हई गेली. मग कल्हईवाला, त्याचा नवसागर, त्याचा धूर, त्याचे पैसे. जर्मनला ही कटकट नव्हती. पण ते मऊ. अण्णांच्या जाड सांडशीने जर्मनच्या पातेल्याचा काठ चेपायचा, आणि तिथून ‘हलकी सांडशी द्या’ ही मागणी सुरू झाली. मग स्टील आलं. जुने कपडे, जरीच्या साड्या घेऊन बोहारीण दारात स्टीलची भांडी मांडू लागली आणि पितळी पातेली माळ्यावर गेली, काही मोडीत निघाली. स्टीलच्या पातेल्याचा काठ पातळ आणि कडक. त्याला पत्र्याची सांडशी चालते असं वाटलं आणि पत्रा दाबून सांडश्या काढणं सुरू झालं.

इथे सांडशी संपायला हवी होती. रॉकेलचा स्टोव्ह आला, मग गॅस आला, दांड्याची भांडी आली. तिला तारलं कुकरने. हॉकिन्सचा कुकर मुंबईत १९५९ पासून आहे. कुकरला स्वतःला दांडा आहे, पण आतल्या भांड्यांना नाही, असूही शकत नाही, कारण ती एकावर एक बसायची असतात. वाफेने भरलेल्या खोल कुकरातून भाताचं भांडं सरळ वर उचलायला सांडशीशिवाय दुसरं काही नाही. दुधाचं पातेलं आणि कुकरची भांडी या दोन कामांवर तिचं घर चालू राहिलं.

आता नवी घ्यायची तर काय बघावं, असं माझ्या सुना-भाच्या विचारतात. मी आधी रिबिट बघायला सांगते. ते भरीव हवं. डोकं दोन्हीकडून ठोकून पसरलेलं, गुळगुळीत, बोटाला न टोचणारं. डोक्याच्या मधे भोक दिसलं तर ते पोकळ रिबिट, ती सांडशी ठेवून द्यावी. स्टीलच्या सांडशीला कधीकधी साध्या लोखंडाचं रिबिट मारलेलं असतं, ते आधी गंजतं आणि सांध्यातून तांबूस पाणी येतं. चुंबक लावला तर नुसतं रिबिट चिकटतं, यावरून ते ओळखता येतं. बाकी चुंबकावर फार भरवसा नको. चुंबक चिकटला नाही की उत्तम स्टील, असं दुकानात सांगतात. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ नंबरमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते स्वस्त, आणि मिठाच्या पाण्याने त्यावर लवकर डाग पडतात. पण चुंबक दोघांनाही जवळजवळ चिकटत नाही. त्यापेक्षा जाडी बघा. दोन्ही हात धरून आडवे हलवून पाहा; वरखाली उघडमीट मोकळी हवी, आडवी हालचाल अजिबात नको. पाकळ्या टोकापासून मुळापर्यंत सारख्या भिडल्या पाहिजेत. आणि पातेलं पकडलेलं असताना मागचे हात एकमेकांना टेकता कामा नयेत, मध्ये बोटभर फट राहावी. नाहीतर तळहाताची कातडी चिमटते आणि दचकून भांडं सुटतं. हातांवरचं प्लॅस्टिक मला नको वाटतं. गॅसच्या बाजूला ते मऊ पडतं आणि फिरतं.

घडवलेली लोखंडी सांडशी अजूनही मिळते. जत्रांमध्ये, आठवडी बाजारात विळे-खुरप्यांच्या ढिगाजवळ शोधावं लागतं. ती घेतली तर पुसून कोरडी ठेवायची आणि अधूनमधून तेलाचा हात द्यायचा. कल्हईच्या भांड्याला वापरणार असाल तर आतल्या पाकळीची कड कानसून गुळगुळीत करून घ्या, नाहीतर काठाजवळची कल्हई आधी खरवडते आणि तिथूनच अन्न कळकायला लागतं.

कुठलीही घ्या, दुकानात जाताना घरचं रोजचं पातेलं पिशवीत घालून न्या, अण्णांकडे बायका आणायच्या तसं. पुण्याच्या बोहरी आळीतले जुने दुकानदार याला हसत नाहीत, उलट पाणी भरून देतात. पुढे कधी सांधा ढिला झाला तर टाकून देऊ नका. दोन हातांच्या मध्ये जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा सरकवा, रिबिटाचं एक डोकं लोखंडी वजनावर टेकवा आणि दुसऱ्यावर हातोडीचे तीन-चार बेताचे घाव घाला. कार्ड ओढून काढलं की तेवढीच मोकळीक सांध्यात राहते. भरीव रिबिटाला हे पुन्हा पुन्हा करता येतं. पोकळ रिबिटाला एकदाही नाही, पहिल्याच घावाला ते फाटतं.