डेव्हनपोर्टच्या दोन मुली

'अजून बोलत नाही? बोलेल हळूहळू.' आपल्याकडे घरोघर ऐकू येणारे हे वाक्य पुष्कळदा खरेही ठरते. पण ज्या मुलांच्या बाबतीत ते खरे ठरत नाही, त्यांच्यासाठी पहिल्या दोन-तीन वर्षांतच काही करता येते, हे कसे कळले?

अमेरिकेच्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट येथे सरकारी अनाथाश्रम होता. १९३०च्या दशकात तेथे बाळांना दूध, औषध, स्वच्छता सारे मिळे. मिळत नसे ते माणूस. पाळण्यांच्या कडांना पुष्कळदा चादरी लावलेल्या असत, म्हणजे बाळाला दिसायचे ते छत. दोन वर्षांनंतर तीस-पस्तीस मुलांमागे एक मेट्रन. तेथील १३ आणि १६ महिन्यांच्या दोन मुलींचा बुद्ध्यांक ४६ आणि ३५ भरला. 'मतिमंद' असा शिक्का बसून (शब्द त्या काळचा) त्यांची रवानगी मतिमंदांच्या संस्थेत, प्रौढ स्त्रियांच्या वॉर्डात झाली.

काही महिन्यांनी मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड स्कील्स त्या वॉर्डात गेले. दोन हसऱ्या मुली इकडेतिकडे धावत होत्या. त्याच या, हे त्यांना ओळखूच येईना! सहा महिन्यांत बुद्ध्यांक ७७ आणि ८७ झाले होते. औषध कुणी दिले नव्हते. वॉर्डातल्या बायकांनी त्यांना कडेवर घेतले, त्यांच्याशी बोलल्या, खेळल्या. त्या बायकांचे स्वतःचे मानसिक वय पाच ते नऊ वर्षांचे होते.

मग या दोघी धरून १३ मुलांना तेथे 'पाहुणे' म्हणून ठेवण्यात आले. त्यांची सरासरी साधारण २७ गुणांनी वाढली. अनाथाश्रमातच राहिलेल्या १२ मुलांची सुरुवात चांगली होती, सरासरी ८७च्या आसपास. ती साधारण २६ गुणांनी घसरली. ही तुलना आधी आखलेली नव्हती, ती नोंदींवरून नंतर केली. त्या बारांना कोणी मुद्दाम मागे ठेवले नव्हते. ती नुसती राहून गेली.

१९३९ साली स्कील्स आणि हॅरल्ड डाय यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा बुद्धी जन्मतः ठरते असे मानणारे तुटून पडले. आयोवातल्या अशा अभ्यासांच्या आकडेमोडीवर क्विन मॅक्नेमार यांनी १९४० मध्ये कडक टीका केली. तिच्यात तथ्य होते. मुले थोडी, निवड यादृच्छिक नाही आणि तान्ह्या मुलाच्या चाचणीवर फारसे विसंबता येत नाही. आज असा निबंध आमच्याकडे परीक्षणाला आला तर आम्हीही कदाचित परत पाठवू. पण टीका बरोबर असूनही निष्कर्ष बरोबर असू शकतो, हे आम्हा संशोधकांना उशिरा सुचते.

स्कील्स यांनी मोठी झालेली ती मुले पुन्हा शोधून काढली. १९६६चा त्यांचा अहवाल सांगतो, की तेरापैकी अकरा मुले दत्तक गेली होती आणि तेराही जण आपापल्या पायांवर किंवा संसारात उभे होते. त्यांचे मध्यक शिक्षण बारावी. बारा जणांचे तिसरीहूनही कमी. एकाचा मृत्यू झालेला आणि चौघे अजून संस्थेत.

पुढे १९८६ साली अमेरिकेत जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना अशा सेवा देण्यासाठी कायदा झाला. आपल्याकडे २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही पालघरहून. त्यात फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील एकदा तपासायची आणि शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायची, अशी योजना आहे. पथक शाळेत येते, तेव्हा 'हा थोडा उशिरा बोलायला लागला' हे सांगायला वर्गशिक्षकच जवळ असतो.

त्या बारांतला एक मुलगा मात्र वेगळा निघाला. त्याला कमी ऐकू येई, म्हणून त्याला बधिरांच्या निवासी शाळेत पाठवले होते. तिथल्या मेट्रनला त्याचा विशेष लळा लागला. तो पुढे छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर झाला.