कापसाचा भाव आणि तारेची वार्ता

आज सेलूच्या बाजारपेठेत कापसाचा भाव जाणून घेण्यासाठी कोणास दुसऱ्या गावी माणूस धाडावा लागत नाही. खिशातील दूरध्वनीवर मुंबईचाच नव्हे, तर परदेशातील बाजाराचाही भाव क्षणार्धात दिसतो. परंतु काळ्या कसदार जमिनीच्या या मुलखातील व्यापाऱ्याला एके काळी अशा वार्तेसाठी दिवसच्या दिवस वाट पाहावी लागत असे. हे अंतर प्रथम पुसले ते तारायंत्राने.

तारेपूर्वी वार्तेला स्वतःचा वेग नव्हता. तिला घेऊन जाणारा कासीद, घोडेस्वार किंवा गलबत ज्या गतीने जाई, तीच वार्तेची गती. आशा अंतरीयास वळसा घालून विलायतेहून येणाऱ्या शिडाच्या जहाजास कित्येक महिने लागत. सुएझमार्गे आगबोटींची टपाल सुरू झाल्यावरही पत्रास सुमारे महिना लागे. त्यामुळे दूरचा व्यापार विश्वासावर चाले. पेढीची हुंडी शेकडो कोस दूर वटे, ती लिहिणाऱ्याच्या पतीवर.

त्या काळी वार्तेचे मोल किती होते, हे प्रेमचंद रायचंद यांच्या चरित्रावरून दिसते. सुरतेत १८३१ साली जन्मलेले हे जैन व्यापारी मुंबईतील कापूस व्यापाराचे अग्रणी होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले. बोट बंदरास लागण्यापूर्वीच लहान होड्या पुढे पाठवून प्रेमचंदशेठ लिव्हरपूलच्या बाजाराची वार्ता मिळवीत, असे सांगितले जाते. काही तासांची ही आघाडी लाखमोलाची ठरे. परंतु एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत शरणागती झाली, ती वार्ता मुंबईत पोहोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ या दिवशी मुदतीचे व्यवहार पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा अनेक पेढ्या बुडाल्या. सर्वांआधी वार्ता मिळविणारे प्रेमचंदशेठही त्या पडझडीतून सुटले नाहीत. पुढे ते पुन्हा सावरले. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातुःश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला.

हिंदुस्थानात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्यास संदेश गेला. १८६५ मध्ये इराणी आखात व तुर्कस्तानमार्गे युरोपशी संबंध जुळला खरा; पण मधल्या ठाण्यांवरील कारकुनांना इंग्रजी फारसे येत नसल्याने मजकूर विपरीत होऊन येई. १८७० मध्ये सुएझ व एडनमार्गे समुद्राखालील तार मुंबईस पोहोचल्यावर मात्र महिन्याची वाट तासांवर आली. त्याच वर्षी वऱ्हाडात खामगावला रेल्वेचा फाटा पोहोचला. लिव्हरपूलचा ताजा भाव आता आतल्या बाजारांपर्यंत येऊ लागला आणि विलायती कंपन्यांचे खरेदीदारही त्यापाठोपाठ तेथे आले. मधल्या व्यापाऱ्यांची जुनी आघाडी तेथेच ओसरू लागली.

सेलू तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाला आणि परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी ही स्थानके एका सूत्रात गुंफली गेली. गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्थानकाची संमती तारेने घ्यावी लागे. म्हणून रुळांबरोबर तारेचे खांबही आले आणि मोर्स यंत्राची कट्ट-कडकट्ट या मुलखाला परिचित झाली.

तारेने भाषेलाही वळण लावले. दर शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मजकूर काटेकोर झाला. व्यापारी खर्च वाचविण्यासाठी व गुपित राखण्यासाठी सांकेतिक शब्द वापरीत. पेढीच्या पत्रावर ‘तारेचा पत्ता’ छापणे प्रतिष्ठेचे मानले जाई. लग्नप्रसंगी ठरावीक क्रमांक लिहिला की तेवढ्यावर छापील शुभेच्छा पोहोचत. मात्र नागरी लिपीतील तारेची सोय १९४९ पर्यंत नव्हती. त्यामुळे घरी तार आली की इंग्रजी जाणणाऱ्यास बोलवावे लागे. तार बहुधा मृत्यूची किंवा गंभीर आजाराची असे. तो माणूस येईपर्यंत सारे घर श्वास रोखून बसे. वार्ता दारात आलेली असे, पण ती घरातील कोणालाच वाचता येत नसे.

बाजारातही तेच घडे. भावाची तार पेढीवर येई. गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्यास मात्र समोरचा माणूस सांगेल तो भाव मानावा लागे. यंत्राने वार्तेचा वेग वाढविला, पण ती कोणापर्यंत पोहोचवावी हे माणसाच्याच हाती राहिले. अशा वेळी भाव खरा सांगणाऱ्या पेढीची पत कोणत्याही तारेपेक्षा मोठी होती.

१४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातील तारसेवेने निरोप घेतला. आज भाव शेतकऱ्याच्याही हातात आला आहे. परंतु कोणत्या वार्तेवर विश्वास ठेवावा, हा १८६५ मधील प्रश्न अद्यापही ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.