प्राणिकथेतले हसू आणि शाळेचे तात्पर्य

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती आज सहज पडणारी विनोदी प्राणिकथा शाळेत प्रथम आली ती हसवण्यासाठी नव्हे, तर नीती शिकवण्यासाठी. आणि कथेतील गंमत हे वाचनाचे पुरेसे कारण आहे, ही जाणीव शाळेत रुजायला शंभराहून अधिक वर्षे लागली. मराठी शालेय वाचनाचा हा प्रवास म्हणजे कथेच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या तात्पर्याचा, म्हणजे कथेतून काढलेल्या बोधवाक्याचा, उदय आणि उतार होय.

मौखिक परंपरेत ही कथा फार जुनी आहे. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे ही घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट तेराव्या शतकातील महानुभाव ग्रंथ लीळाचरित्रातही आढळते. लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला घेऊन टुणटुण पळणारा भोपळा आणि वाटेत तोंड वासून बसलेला वाघ, किंवा टोपी घालून राजालाच डिवचणारा उंदीर, या कथांची बांधणी आवर्तनाची आहे. म्हणजे एकच प्रसंग व एकच बोल थोड्याथोड्या फरकाने पुन्हा येतो, ऐकणारे मूल तो आधीच ओळखते आणि सांगणाऱ्याच्या सुरात सूर मिसळते. या कथांना बोधवाक्याची गरज कधी भासली नाही.

शाळेत मात्र या कथांना जागा नव्हती. ब्रिटिशपूर्व काळापासून चालत आलेल्या पंतोजींच्या गावठी शाळेत मुले धूळपाटीवर, म्हणजे धूळ पसरलेल्या फळीवर, अक्षरे गिरवीत, मोडी वळण घोटीत आणि पाढ्यांची सामुदायिक उजळणी करीत. छापील पुस्तकच नसल्याने गोष्ट वाचण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. गोष्ट घरी आजीकडे आणि अक्षर शाळेत पंतोजींकडे, अशी ही वाटणी होती.

ती मोडली छापखान्याने. तंजावरचे सरफोजी राजे यांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इसापच्या कथा मराठीत आल्या, 1815 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे पंचतंत्र मोडी लिपीत छापले गेले, आणि 1828 मध्ये मुंबईत सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांचे ‘इसपनीतिकथा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुंबईचे गव्हर्नर एलफिन्स्टन यांच्या काळात तेथे शाळा व शालेय पुस्तके यांसाठी जी संस्था स्थापन झाली होती, तिच्या कामाशी छत्रे यांचे लेखन निगडित होते. त्यामुळे प्राणिकथा थेट नव्या शाळेच्या अभ्यासाचा भाग बनली. धर्माच्या वादात न शिरता सदाचार शिकवता येईल असे साहित्य या शाळांना हवे होते, आणि बोलणारे प्राणी ही गरज नेमकी भागवीत होते.

नीतीसाठी निवडलेल्या या कथांत विनोद मात्र काठोकाठ भरलेला होता. पंचतंत्रातील गाढव रात्री काकडीच्या मळ्यात पोट भरल्यावर गाण्याचा हट्ट धरते, ‘तुझा आवाज ऐकून राखणदार जागे होतील’ असे सांगणाऱ्या कोल्ह्याला सप्तस्वर, तीन ग्राम आणि एकवीस मूर्च्छना यांचे शास्त्र ऐकवते आणि अखेर मार खाऊन गळ्यात उखळ बांधून घेते. हितचिंतकाचे ऐकावे, हे या कथेचे तात्पर्य योग्यच आहे. पण मूल हसते ते गाढवाच्या पांडित्याला, आणि तो आनंद तात्पर्यात मावत नाही.

या आनंदाची दखल प्रथम शाळेबाहेर घेतली गेली. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (1881) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (1906) या मासिकांनी मुलांना परीक्षेपलीकडचे वाचन दिले. शिक्षणविचारातील खरे वळण बालशिक्षणाच्या चळवळीने आणले. भावनगरच्या बालमंदिरात काम करणारे गिजुभाई बधेका यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ या गुजराती ग्रंथात कथाकथनाचा पहिला हेतू आनंद हाच मानला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1945 पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचे काम केले, आणि त्यातून गोष्ट, गाणे व खेळ यांना बालवाडीत अभ्यासाइतकीच प्रतिष्ठा मिळाली. दुसरीकडे प्र. के. अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने पाठ्यपुस्तकाची भाषाही मुलांच्या बोलण्याजवळ आणली.

1967 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे ‘बालभारती’ने, हा वारसा राज्यभरच्या वर्गांत पोहोचवला आणि 1971 पासून ‘किशोर’ मासिकही चालवले. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’सारख्या बालकवितांनी प्राण्यांना उपदेशकाच्या कामातून मोकळे केले, पुढच्या काळातील सचित्र पुस्तकांत तर चित्र एक सांगते आणि मजकूर दुसरेच, आणि त्या विसंगतीतून हसू फुटते.

तात्पर्य पाठ करता येते, म्हणून ते परीक्षेला सोयीचे होते. परंतु कथा न समजताही ते म्हणून दाखवता येते. हसण्याचे तसे नाही. गाढव स्वतःला गवई समजते, कोल्ह्याला खरे ठाऊक आहे आणि राखणदार जवळच झोपला आहे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरल्याशिवाय त्या कथेतला विनोद वाचकाला लागत नाही. अक्षरे जुळवून वाचणारे सहा-सात वर्षांचे मूल योग्य जागी हसते, तेव्हा त्याने मजकुराच्या पलीकडचा अर्थ स्वतः लावलेला असतो. म्हणूनच प्राथमिक वर्गातील विनोदी प्राणिकथा ही अभ्यासातून दिलेली सवलत नसून वाचनशिक्षणाचा गाभा आहे, आणि ग्रंथालयाच्या फडताळात कुलूपबंद ठेवण्याऐवजी ती पुस्तके रोज मुलांच्या हाती देणे हे शाळेचे कर्तव्य ठरते.